जावयांच्या पन्नाशीची अमेरिका

माझ्या जावयांना पन्नास वर्षं पूर्ण होणार होती, आणि ती त्यांनी अमेरिकेत पूर्ण करायची ठरवली. म्हणजे अमेरिकेला जाऊन नव्हे. इथेच दोह्यात, अल अझीझियातल्या आमच्या घरापासून जवळच असलेल्या एका रेस्टॉरंटात, एका संध्याकाळपुरती. ‘साठच्या दशकातली अमेरिका’ अशी थीम होती. पूर्वी माणसं पन्नाशीची शांत करायची, होमाचा धूर डोळ्यांत घ्यायची आणि वरणभात जेवून झोपायची. आता थीम लागते.

मुलीने मला ही बातमी फार लाडात येऊन सांगितली.

“बाबा, ठिपक्याठिपक्यांचे फ्रॉक, ज्यूकबॉक्स, मिल्कशेक! सगळ्या बायका केसांचे फुगे काढून येणार आहेत. आणि तुम्ही तर तेव्हा तिकडेच होतात. तुमच्यासारखा पाहुणा कुणाकडे आहे?”

“होतो,” मी म्हटलं. “भांडी घासत होतो.”

“ते नका हं सांगू तिथे,” ती म्हणाली आणि केकवाल्याला फोन लावायला आत गेली.

मी पंच्याऐंशी ओलांडली आहे. बायको गेल्यावर नाशिकचं घर बंद करून लेकीकडे राहायला आलो, त्यालाही काही वर्षं झाली. जावई गॅसच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. स्वभावाने चांगले आहेत, मला औषधं वेळेवर आणून देतात, वाद घालत नाहीत. फक्त त्यांना इंटरनेटवर दिसेल त्या गोष्टीचा मोह होतो. मध्यंतरी घरात जपानी पद्धतीने कपड्यांच्या घड्या घालायचं खूळ आलं होतं. तेव्हा माझी धोतरं कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही.

या वेळी त्यांना कुठल्याशा वेबसाइटवर १९६२ सालचे अमेरिकेतले भाव सापडले होते. रात्री जेवताना ते मोठ्याने वाचून दाखवायचे. “बाबा, ऐका. पाव वीस सेंट! बर्गर पंधरा सेंट! पेट्रोल तर पाण्याच्या भावात. काय दिवस होते!”

“पगार काय होते, ते लिहिलंय का त्यात?” मी विचारलं.

“असेल की खाली कुठेतरी.” त्यांनी बोटाने फोनचा पडदा जरा वर सरकवला आणि सोडून दिला. “पण टेन्शन नव्हतं हो लोकांना. एकाच्या पगारात घर, गाडी, टीव्ही. साधं, सरळ आयुष्य.”

माझी नात सोळा वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, “आजोबा, इट्स जस्ट अ थीम.”

पण ‘टेन्शन नव्हतं’ हे शब्द माझ्या घशात आमसुलासारखे अडकून राहिले. कारण असं, की हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं, त्याच घराने काही महिन्यांपूर्वी आकाशात क्षेपणास्त्रं पाहिली होती.

ती जूनमधली संध्याकाळ होती. विमानं बंद झाल्याची बातमी फोनवर आली होती, पण इथे फोनवर इतकं काय काय येतं, की कुणी मनावर घेतलं नाही. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. अचानक धडधड आवाज झाले, खिडकीची तावदानं थरथरली, आणि अमेरिकी तळ आहे त्या बाजूच्या आभाळात नारिंगी ठिपके वर चढताना दिसले. काही ठिपके मध्येच फुटले. जावई ओरडले, “कुणी खिडकीजवळ जाऊ नका!” आणि स्वतः फोन घेऊन बाल्कनीत चित्रीकरण करत उभे राहिले. मुलीने बाथटब, बादल्या, कुकर, जे दिसेल त्यात पाणी भरायला घेतलं. नात रडत होती, आणि रडता रडता मैत्रिणींना संदेश पाठवत होती.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधली बाई दोन लहान मुलांना घेऊन उभी होती. ती रत्नागिरीकडची, नवऱ्याचं दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावी हार्डवेअरचं दुकान. तो अजून दुकानातच होता आणि फोन लागत नव्हता. “मी येऊ का आत?” एवढंच ती म्हणाली. मुलीने तिला हाताला धरून आत ओढलं. आम्ही सगळे मधल्या पॅसेजमध्ये, जिथे खिडकी नाही तिथे, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. मला खाली बसता येत नाही, म्हणून माझ्यासाठी बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. त्या बाईचा धाकटा मुलगा माझ्या गुडघ्याला चिकटून बसला. थोड्या वेळाने सगळं शांत झालं. तिच्या नवऱ्याचा फोन आला. कुणाला काही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई ऑफिसला गेले, आणि त्यांनी काढलेला व्हिडिओ पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

हे सगळं पार पडल्यावर, त्याच वर्षाच्या अखेरीला, या माणसांना जुनी, बिनटेन्शनची अमेरिका हवी झाली.

पार्टीच्या दिवशी मला काळा सूट आणि बारीक टाय घालून नेण्यात आलं. रेस्टॉरंटवाल्याने आपल्या परीने काही कमी ठेवलं नव्हतं. लाल रेक्झिनचे बाक, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर एक पत्र्याची गाडी अर्धी कापून लावलेली. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स होता, तो म्हणजे दिवे लावलेलं खोकं, गाणी कुणाच्या तरी फोनवरून येत होती. दाराशी मोठा फळा टांगला होता. त्यावर ते प्रसिद्ध भाव लिहिले होते, आणि लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. त्या फळ्याखाली बसून जे बर्गर खायचे, त्यांचा खरा भाव मी कार्डावर वाचला आणि कार्ड उलटं घालून ठेवलं.

आणि वाढपी. नेपाळची, केनियाची मुलं-मुली, सगळ्यांच्या डोक्यांवर कागदाच्या पांढऱ्या होडीसारख्या टोप्या. ती टोपी पाहिल्यावर मात्र मला हसू आलं. सबंध हॉलमध्ये तेवढीच एक खरी वस्तू होती. विद्यापीठाच्या खाणावळीत ताटं विसळताना मी तशीच टोपी घालायचो. घामाने ती कपाळाला चिकटायची आणि रात्री काढताना तिचा कागद केसांत राहायचा. एका पोराला मी हिंदीत विचारलं, “टोपी कशी वाटते?” तो म्हणाला, “खाजते, साहेब.” मी म्हटलं, “तेव्हाही खाजायची.”

इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सूत्रसंचालन करत होते. मूळचे पुण्याचे, पाइपलाइनच्या कामात आहेत. केसांना जेल लावून त्यांनी वर कोंबड्यासारखा तुरा काढला होता. माइक हातात आला की या गृहस्थांना तो सोडवत नाही. “सुवर्णयुग!” ते म्हणाले. “नो मोबाइल, नो स्ट्रेस! संध्याकाळी कुटुंब एकत्र बसून टीव्ही बघायचं, शेजारी शेजाऱ्याला ओळखायचा. आणि आज आपल्यात एक व्यक्ती अशी आहे, जिने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. काका, यल्ला, या! फक्त पाच मिनिटं, आणि जरा हलकंफुलकं.”

मुलीने माझ्याकडे पाहून हात जोडल्यासारखे केले. मी उठलो. हलकंफुलकं बोलायचं असं खरोखरच ठरवून उठलो होतो. पण ‘शेजारी शेजाऱ्याला ओळखायचा’ हे ऐकल्यावर माझा नाइलाज झाला.

मी म्हटलं, “खरं आहे. शेजारी मला चांगला ओळखत होता. त्याचीच गोष्ट सांगतो.”

मी शिकायला गेलो, ते मध्य अमेरिकेतलं एक छोटं विद्यापीठाचं गाव होतं. भोवती मक्याची शेतं. मी बॉयलरचं शास्त्र शिकत होतो. एका विधवा बाईच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. बाई सज्जन होती. चादरी दर शनिवारी बदलायची, आणि मी मांस खात नाही हे कळल्यावर माझी फार कीव करायची. रविवारी ती मला लाल जेलीचा एक थरथरता डोंगर वाढायची. त्यात गाजराचे तुकडे आणि कोबी लटकलेला असायचा. भाज्यांना मेल्यानंतरही शांती न देणारा दुसरा देश मी पाहिलेला नाही. पाव कापसासारखा, कॉफी म्हणजे कप विसळलेलं पाणी. गावात दोन न्हावी होते. दोघांनीही मला सांगितलं, की तुमच्या प्रकारचे केस कापायचं शिक्षण आम्हाला नाही. माझे केस तर सुतासारखे सरळ होते. मग आम्ही हिंदुस्थानी विद्यार्थी एकमेकांचे केस कापायचो आणि महिनाभर एकमेकांना शिव्या द्यायचो.

इथपर्यंत लोक हसत होते. जावईही हसत होते.

संध्याकाळी बाई टीव्ही लावायची. काळाकरडा पडदा. विनोद झाला की पेटीतूनच हसण्याचा आवाज यायचा, म्हणजे आपण हसायचीही गरज नाही. नाहीतर मग घोड्यांवरच्या मारामाऱ्या. त्यांत इंडियन लोक पटापटा मरायचे, आणि बाई माझ्याकडे ओशाळून बघायची. मी तिला दोनदा समजावलं, की ते इंडियन वेगळे. ती म्हणायची, “हो, हो, तू फार शांत आहेस.”

शेजारी मोटारींचा विक्रेता होता. गोरा, गुलाबी, पाठीवर थाप मारून बोलणारा. त्याची बायको म्हणजे माझ्या घरमालकिणीच्या बहिणीची मुलगी. उन्हाळ्यात त्याने हिरवळीवर निखाऱ्यांवर मांस भाजायचा बेत केला आणि मलाही बोलावलं. मी कणीस खाल्लं. मग तो म्हणाला, “चल, तुला एक गंमत दाखवतो.” हिरवळीत एक लोखंडी झाकण होतं. ते उघडून तो मला शिडीवरून खाली घेऊन गेला. अणुबॉम्ब पडला तर लपायची ती खोली होती. भिंतीला एकावर एक खाटा, डब्यांतलं अन्न, पाण्याचे पिंप, पत्त्यांचे कॅट, हाताने फिरवायचा पंखा. आपल्याकडे लोक नवा ओटा दाखवतात, तितक्या अभिमानाने तो सगळं दाखवत होता. भिंतीवर बंदूक टांगलेली होती.

मी विचारलं, “ही रशियनांसाठी का?”

तो म्हणाला, “छे! रशियन इथवर कशाला येतील? ही शेजाऱ्यांसाठी. वेळ आली की सगळे इथेच धावतील ना.”

आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

हॉलमध्ये आता हसणं जरा विरळ झालं होतं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

ऑक्टोबर आला. माझा थोरला भाऊ सैन्यात होता, ईशान्येच्या सरहद्दीवर. एका शनिवारी चीनने तिथे हल्ला केला. मला ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत कळलं. मी सोमवारी संध्याकाळी बाईच्या टीव्हीसमोर जाऊन बसलो, काहीतरी दाखवतील म्हणून. त्याच संध्याकाळी त्यांचे अध्यक्ष पडद्यावर आले आणि क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं असल्याचं सांगितलं. त्या क्षणापासून त्या गावाला वेड लागलं. दुकानांतले डबे संपले, मेणबत्त्या संपल्या. शाळेत पोरांना बाकाखाली डोकं घालून बसायला शिकवत होते, जणू बॉम्ब पडल्यावर बाकाचा फार आधार असतो. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ एकच नकाशा आणि एकच बेट. मी रोज वाट बघायचो, की शेवटी तरी, हवामानाच्या आधी तरी, हिमालय येईल. येत नव्हता.

मी बाईला सांगितलं, “माझा भाऊ तिकडे लढतोय. चीनशी.”

ती म्हणाली, “अरे देवा! पण ते इथून लांब आहे ना?”

तिला मला धीर द्यायचा होता.

त्याच आठवड्यात एक दिवस तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर तिची छोटी सूटकेस भरून ठेवलेली होती. ती म्हणाली, “भाचीच्या नवऱ्याने मला खाली जागा दिली आहे. मी तुझ्याबद्दलही विचारलं हो त्यांना. पण त्यांनी हवेचा हिशेब केलाय. जेवढी माणसं, तेवढीच हवा. तू इंजिनिअर आहेस, तुला कळेल.”

मी म्हटलं, “कळलं.”

“त्यांचा कुत्रा आहे ना,” ती म्हणाली, “तो मुलांशिवाय राहत नाही.”

मग तिने मला सूचना दिल्या. भोंगा वाजला की गॅसची कळ बंद करायची. पुढचं दार लावून घ्यायचं, नाहीतर धूळ येते. आणि मांजराला संध्याकाळी दूध घालायचं. कारण मांजरालाही खाली जागा नव्हती.

इथे नेमका अध्यक्षांनी हसत हसत माइक माझ्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला. “वा, काका! म्हणजे मित्रहो, प्लॅनिंग बघा त्या लोकांचं! हवेचासुद्धा हिशेब! हे आपण शिकायला हवं.”

तो माणूस थट्टा करत नव्हता. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. मी माइक सोडला नाही.

“प्लॅनिंग उत्तम होतं,” मी म्हटलं. “फक्त बॉम्ब आला नाही.”

रविवारी सगळं मिटलं. तो रविवार दिवाळीतला होता. गावातल्या चर्चच्या घंटा वाजत होत्या. सूटकेस पुन्हा माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी तो शेजारी कुंपणापाशी आला, हातात साखरेच्या पाकातल्या पीचचा डबा होता, खालच्या साठ्यातला. म्हणाला, “मनात काही ठेवू नकोस हं. तू आमच्या जागी असतास तर तूही हेच केलं असतंस.” मी डबा घेतला. तेव्हा माझ्याकडे खायला फार काही नसायचं. फळं चांगली होती.

“एवढीच गोष्ट,” मी म्हटलं. “साधं, सरळ आयुष्य होतं. तुमचं चालू द्या.”

मी माइक टेबलावर ठेवला. टाळ्या वाजल्या, पण घरातलं म्हातारं माणूस शिंकल्यावर ‘शतायुषी व्हा’ म्हणतात तशा, रीत म्हणून. कुणीतरी विचारलं, “काका, पण तेव्हा मिल्कशेक किती सेंटला होता हो?” दुसऱ्याने मला सांगितलं, की त्याच्या कंपनीच्या इमारतीतही उत्तम तळघर आहे, पार्किंगचं. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली एक बाई म्हणाली, “हाऊ इंटरेस्टिंग!” आणि केकचा फोटो काढायला वळली. ही सगळी माणसं जूनमध्ये आपापल्या बाल्कनीत उभी होती. त्यांतल्या एकालाही काही आठवल्याचं चेहऱ्यावर दिसलं नाही. माणसाला स्वतःची भीती इतक्या लवकर विसरता येते, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

मी माझ्या बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने समोरच्या फ्लॅटमधली ती रत्नागिरीची बाई माझ्याजवळ आली. तिने फ्रॉक घातला नव्हता, नेहमीचीच सलवार-कमीज होती. तिच्या नवऱ्याला ही थीम कुणी नीट समजावली नव्हती बहुतेक, कारण तो बिचारा पठाणी घालून आला होता आणि सगळ्यांत बरा दिसत होता.

ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “काका, मग तुमच्या भावाचं काय झालं?”

सबंध हॉलमध्ये हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. माझ्या मुलीलाही नाही. म्हणजे तिला काका माहीत होता, त्याच्या मांडीवर ती खेळली होती. पण गोष्ट ऐकताना तिला माझी काळजी नव्हती, पार्टीची होती.

मी त्या बाईला सांगितलं. त्या नोव्हेंबरात घरून तार आली, की भाऊ बेपत्ता आहे. मी घरमालकिणीला तार वाचून दाखवली. ती म्हणाली, “सापडेल हो, नक्की सापडेल,” आणि तिने ते ज्या सुरात म्हटलं, त्याच सुरात ती मांजराबद्दल म्हणायची. मी वर जाऊन गणितं सोडवत बसलो. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला गेलो. कुणाला सांगणार? बरोबरचे विद्यार्थी क्युबाच्या संकटातून वाचल्याच्या आनंदात नाचाच्या पार्ट्या करत होते. सहा महिने घरी आईने त्याचं ताट मांडणं सोडलं नाही. मग उन्हाळ्यात कळलं, की तो चीनच्या कैदेत होता आणि सुटला. बर्फाने पायाची तीन बोटं गेली होती.

“मी परतलो तेव्हा तो मला घ्यायला स्टेशनवर आला होता,” मी म्हटलं. “काठी घेऊन. टांग्यात बसल्यावर त्याने मला पहिली गोष्ट काय विचारली असेल?”

“काय?”

“म्हणाला, ‘तुमच्याकडे म्हणे घराघरांत टीव्ही आहे. आम्हाला दाखवलं का त्यावर?’ मी म्हटलं, ‘नाही. एकदाही नाही.’ तर तो जोरात हसला. म्हणाला, ‘बरं झालं नाही दाखवलं. आमच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते रे. जगभर अब्रू गेली असती.’”

बाई हसली नाही. तिने ओढणीने तोंड पुसलं. मग म्हणाली, “आता आहेत का?”

“नाही. पण वयाच्या ऐंशीपर्यंत होता. शेवटपर्यंत नातवंडांना पतंग उडवायला शिकवायचा आणि मांजा कापला गेला की शिव्या द्यायचा.”

तेवढ्यात दिवे मालवले गेले आणि केक आला. केकवर साखरेची गुलाबी गाडी होती. जावयांनी ती कापली, सगळ्यांनी गाणं म्हटलं. मलाही एक तुकडा आला, त्यात त्या गाडीचं चाक होतं.

घरी जाताना गाडीत नात कानात गाणी घालून बसली होती. अर्ध्या वाटेत जावई म्हणाले, “बाबा, एक सांगू? गोष्ट चांगली होती. पण प्रसंग बघून…”

“प्रसंग बघूनच सांगितली,” मी म्हटलं.

“लोकांना एक संध्याकाळ मजा करायची होती. त्यात गैर काय?”

त्यात गैर काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मी ते बोललो नाही. पन्नाशीच्या माणसाला सगळं फुकट कशाला द्यायचं?

मुलगी मागे वळून न बघता म्हणाली, “आणि आजीने सहा महिने ताट मांडलं, हे त्या समोरच्या बाईला सांगितलंत. ती मला आत्ता निघताना सांगत होती. मला पन्नाशी आली तरी ठाऊक नव्हतं.” तिचा आवाज रागाचा होता. दोन दिवस तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, माझ्या कपाटातले स्वेटर उगीच काढून पुन्हा ठेवत उभी राहिली, आणि मग म्हणाली, “आजी बेसनाची वडी करायची ना, ती काकांना आवडायची का हो?” मी म्हटलं, काकाला गोड काहीच आवडायचं नाही, वडी मला आवडायची. तिने ती केली. फार कडक झाली होती. मी दुधात बुडवून खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. मला वाटलं, माफी मागायला सांगतात की काय. पण ते खूश होते. कुणीतरी माझ्या भाषणाचा तुकडा ग्रुपवर टाकला होता आणि त्याला पुष्कळ अंगठे आले होते.

“काका, काय रंगवलंत हो! आम्ही मेमध्ये आणखी एक करतोय. सत्तरच्या दशकातलं लंडन. तुम्ही होतात का तिकडे?”

“नव्हतो,” मी म्हटलं. “सत्तरच्या दशकात मी नगर जिल्ह्यात साखर कारखान्याचे बॉयलर दुरुस्त करत होतो. दुष्काळ होता. ज्वारी रेशनवर, तीही लाल, अमेरिकेने पाठवलेली, डुकरांना घालतात तसली. रॉकेलला रांग, डालड्याला रांग. सिनेमा तालुक्याला तंबूत, जमिनीवर बसून. आमच्याकडे त्या काळची थीम करा. मी येतो, सूटही लागणार नाही.”

पलीकडे मागे त्यांच्या ऑफिसात कुणीतरी “खलास, खलास” म्हणत होतं.

“तसं कसं करणार, काका,” ते शेवटी म्हणाले. “बायकांना त्यात घालायला काय मिळणार?” आणि इन्शाल्ला, पुन्हा बोलू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.